तरुण थरोब्रेड घोड्यांच्या शर्यतीचे पूर्वमूल्यमापन

हिरवळीच्या धावपट्टीवर धावणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या थरोब्रेड (शर्यतीसाठी जोपासलेल्या जातीच्या) घोड्यांपैकी कोण पुढे राहील, याचा वंश, सराव, वजन, अंतर आणि जमीन यांवरून शर्यतीआधी बांधलेला अंदाज. हे काम दोन बाजूंनी चालते. टर्फ क्लबचा, म्हणजे शर्यती भरवणाऱ्या संस्थेचा, अधिकृत हँडिकॅपर घोड्यांना गुण देतो आणि त्या गुणांवरून पाठीवरची वजने ठरवतो. सर्व घोडे अंतिम रेषेवर एकत्र यावेत, हा त्याचा आदर्श असतो. वार्ताहर, प्रेक्षक आणि पैज लावणारा मात्र त्याच वजनांत कोणाला झुकते माप मिळाले आहे, हे शोधत असतो. प्रौढ घोड्यांच्या बाबतीत दोघांपुढेही दहा-वीस शर्यतींची नोंद असते. कोवळ्या घोड्यांच्या शर्यतीत ती एखाद-दुसरी असते किंवा मुळीच नसते, आणि म्हणून या शर्यतीचा अंदाज हा मागील कामगिरीपेक्षा घोड्याच्या वाढीचा अंदाज असतो.

हा अंदाज नाशिकहून बांधायचा, तर पहिली अडचण अशी की नाशिकमध्ये रेसकोर्स नाही. नाशिककरांना जवळची मैदाने दोन : मुंबईचे महालक्ष्मी, जेथे 1883 पासून शर्यती होत आल्या आहेत, आणि पुण्याचे लष्कर भागातील मैदान, जे त्याहूनही जुने आहे. दोन्हींचा कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब पाहतो. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास असतो. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून दादरला उतरायचे आणि पश्चिम रेल्वेच्या लोकलने महालक्ष्मी गाठायचे, हा हौशी मंडळींचा सोयीचा मार्ग आहे; परंतु दर रविवारी तो कोणालाच परवडत नाही. त्यामुळे नाशिकमधले मूल्यमापन बहुतांशी घरी बसून, ‘कोल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शर्यतपुस्तिकेवर, सरावाच्या छापील वेळांवर आणि मागील शर्यतींच्या चित्रफितींवर होते. घोडा डोळ्यांनी पाहता येत नाही ही यातली मोठी उणीव आहे, आणि प्रौढ घोड्यांपेक्षा कोवळ्या घोड्यांच्या बाबतीत ती जास्त भोवते.

भारतात थरोब्रेड घोड्याचे वय 1 जानेवारीला एका वर्षाने वाढलेले धरतात. जानेवारीत जन्मलेले शिंगरू आणि त्याच वर्षी एप्रिलअखेर जन्मलेले शिंगरू कागदोपत्री एकाच वयाची असली, तरी त्यांच्यात जवळजवळ चार महिन्यांचे अंतर असते. पाच वर्षांच्या घोड्याला याने काही फरक पडत नाही. पण नोव्हेंबर-डिसेंबरच्या शर्यतीत उतरणाऱ्या दोन वर्षांच्या घोड्यांत चार महिने म्हणजे आतापर्यंतच्या आयुष्याचा सातवा-आठवा हिस्सा असतो. या वयात गुडघ्यावरची हाडाची वाढपट्टी नुकतीच मिटत असते किंवा मिटायची असते, दुधाचे दात पडू लागलेले असतात, आणि वेगाच्या सरावाने नळीच्या हाडाच्या पुढील बाजूला सूज येण्याचा त्रास सर्रास आढळतो. पुस्तिकेतील जन्मतारीख ही म्हणूनच पहिली पाहण्याची गोष्ट आहे, आणि बहुतेक वाचक तीच ओलांडून थेट जॉकीच्या नावाकडे वळतात.

जन्मतारखेनंतर वंशाचा विचार येतो. पित्याची संतती लवकर तयार होते की उशिरा, कमी अंतरावर चमकते की लांबच्या, यावरून नवख्या घोड्याविषयी काही आडाखे बांधता येतात. रझीन, प्लेसरविल आणि मल्टिडायमेन्शनल यांसारख्या, भारतात प्रजननासाठी आणलेल्या नरांची संतती भारतीय मैदानांवर दीर्घकाळ गाजली. अशा पित्याचे नाव दिसताच नवख्या घोड्याचा पैजेतला भाव, म्हणजे रुपयामागे मिळणारा नफा, उतरतो. आईची बाजू त्या मानाने दुर्लक्षित राहते, वास्तविक तिची आधीची पिल्ले कोणत्या वयात आणि किती अंतरावर जिंकली ही माहिती अधिक नेमकी असते, कारण एका नराची संतती शेकड्यांनी असते तर एका घोडीची मोजकी. 2010 मध्ये डब्लिन येथील एमेलिन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायोस्टॅटिन या जनुकातील एका बदलाचा संबंध घोड्याला मानवणाऱ्या अंतराशी असल्याचे दाखवले. त्याच्या एका प्रकारचे घोडे कमी अंतराला व लवकर पक्व होण्याला, दुसऱ्या प्रकारचे लांब अंतराला आणि मिश्र प्रकारचे मध्यम अंतराला अनुकूल ठरतात. असे अहवाल मालकाच्या हाती असतात, प्रेक्षकाच्या नव्हे. प्रेक्षकाला वंशावळीवरच भागवावे लागते.

सकाळच्या सरावाच्या नोंदी हा सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत फसवा पुरावा होय. ‘600 मीटर 39 सेकंद, सहज’ अशी ओळ वाचताना चार गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. पाठीवर जॉकी होता की तबेल्यातला रायडिंग बॉय. सराव वाळूच्या पट्टीवर झाला की हिरवळीवर. घोडा एकटा धावला की जोडीने. आणि जोडीदार कोण होता. समजा, एक नवखा घोडा 800 मीटरच्या सरावात दोन शर्यती जिंकलेल्या चार वर्षांच्या घोड्याच्या बरोबरीने संपला. ही ओळ 600 मीटरच्या 36 सेकंदांतल्या कोणत्याही एकाकी धावेपेक्षा बोलकी आहे. मात्र त्या अनुभवी घोड्यावर भारी स्वार बसवला असेल किंवा त्याचा लगाम आवळून धरला असेल, तर तिचा अर्थ उरत नाही, आणि लगामाची गोष्ट छापील नोंदीत क्वचितच येते. प्रत्यक्ष शर्यतीसारखी, फाटकातून सोडून घेतलेली सराव शर्यत अधिक विश्वसनीय असते, कारण तिच्यात घोडा फाटकात शांत उभा राहतो की उसळतो, हे कळते. 1000 किंवा 1200 मीटरच्या शर्यतीत फाटकातच दोन लांब्या (एक लांबी म्हणजे एका घोड्याच्या देहाइतके अंतर) गमावलेल्या कोवळ्या घोड्याला त्या भरून काढण्याइतके अंतरच पुढे मिळत नाही.

जमिनीचा विचार भारतात अमेरिकेहून वेगळा आहे. अमेरिकेत मुख्य शर्यती मातीच्या धावपट्टीवर होतात आणि हिरवळ हा स्वतंत्र प्रकार मानतात; मातीवर जिंकलेले पिल्लू गवतावर चालेल का, हा तेथील अंदाजकाराचा पहिला प्रश्न असतो. तेथे 2007 पासून दोन वर्षांच्या घोड्यांसाठी सुरू झालेल्या ब्रीडर्स कप ज्युव्हेनाइल टर्फ या एक मैलाच्या शर्यतीत, गवतावरच वाढलेल्या युरोपीय घोड्यांनी वारंवार बाजी मारली आहे. महालक्ष्मी आणि पुण्यात शर्यती हिरवळीवरच होतात, त्यामुळे येथे तो प्रश्न उद्भवत नाही. येथे प्रश्न ओल किती, एवढाच असतो. ठरावीक उंचीवरून पडणाऱ्या वजनाने धातूची कांडी जमिनीत किती रुतते, हे पेनेट्रोमीटरने मोजून तो आकडा शर्यतीआधी जाहीर केला जातो. आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. नाशिककराने आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या पावसावर विसंबू नये, कारण गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडले म्हणजे पुण्याचे मैदान भिजलेच असे नाही. मऊ जमिनीवर हलक्या अंगाचे, झपाट्याने पाय उचलणारे पिल्लू थकते आणि रुंद खुराचे, जोरकस चालीचे पिल्लू तग धरते, असा सर्वसाधारण अनुभव आहे; पण जे घोडे ओल्या जमिनीवर कधी धावलेच नाहीत, त्यांच्याविषयी हा तर्कच राहतो. हंगाम पुढे सरकतो तसे आतल्या कठड्यालगतचे गवत उखडते. तेव्हा तात्पुरता कठडा पुढे सरकवून ताजी हिरवळ उपलब्ध करतात, आणि त्या दिवशी आतल्या क्रमांकाच्या फाटकाचे मोल बदलते.

वयानुसार वजनाची पद्धतशीर कोष्टके एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ॲडमिरल हेन्री रौस यांनी रूढ केली; 1855 मध्ये ते तेथील सार्वजनिक हँडिकॅपर झाले. आपल्याकडे अजून एकही शर्यत न जिंकलेल्या कोवळ्या घोड्यांना बहुधा समान वजन देतात व माद्यांना दीड किलोची सूट मिळते. पुढे घोडा धावत गेला की त्याला गुण मिळतात आणि तो श्रेणीत बसतो. चौथ्या श्रेणीत 20 ते 46 गुणांचे घोडे असतात. एक गुण म्हणजे अर्धा किलो, म्हणून 46 आणि 26 गुणांच्या घोड्यांच्या पाठीवर 10 किलोंचा फरक पडतो. 1000 मीटरच्या शर्यतीत एक लांबी म्हणजे सुमारे 1.3 किलो आणि 1600 मीटरला एक किलोच्या आतबाहेर, असा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने 1000 मीटरवर दोन लांब्यांनी हरलेला घोडा पुढच्या वेळी त्याच प्रतिस्पर्ध्यापेक्षा अडीच-तीन किलो हलका धावला, तर दोघांची बरोबरी व्हावी. कोवळ्या घोड्यांत हा हिशेब पंधरा दिवसांत शिळा होऊ शकतो. हँडिकॅपर घोड्याने दाखवलेल्या कामगिरीला गुण देतो. महिन्याभरात अंगाने भरलेले पिल्लू मात्र जुन्याच गुणांवर धावते, आणि अंदाजकाराला मिळणारी संधी बहुधा याच फटीत असते. देशातल्या मोठ्या शर्यतींतही मादीला सवलत असते. 1943 मध्ये झालेली पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुल या मादीनेच जिंकली.

शर्यतीपूर्वी घोडे फिरवतात ते पॅडॉक पाहण्यासाठी मात्र मैदानावरच असावे लागते. मागच्या मांड्यांच्या मधे पांढरा फेस, सईसाच्या हातातील दोरीला सतत हिसके, कान मागे पाडलेले, ही घाबरलेल्या पिल्लाची लक्षणे होत. शर्यतीची शक्ती ते फाटकाआधीच खर्च करते. याउलट लांब, सैल पावले टाकणारे, मान खाली सोडून चालणारे आणि पुठ्ठे भरलेले पिल्लू लक्षात ठेवावे. नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या किंवा तापीकाठच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नजर तयार झालेल्यांना चाल आणि पाय पाहण्याची सवय असते, व ती येथे कामी येते. पंचकल्याणी (चारही पाय व तोंडावर पांढरे असलेला) घोडा, देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) किंवा अंगावरचे इतर भोवरे यांवरून तेथे किंमत चढते-उतरते. शर्यतीच्या निकालाशी मात्र या खुणांचा काही संबंध आढळत नाही, तरीही पांढऱ्या चारही पायांच्या घोड्यावर हौसेने पैसे लावणारा भेटतोच.

1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. महाराष्ट्रात शर्यतीच्या मैदानांना 1912 च्या परवाना अधिनियमानुसार परवाना लागतो, आणि परवान्याच्या चौकटीबाहेर गल्लीबोळांत चालणारा सट्टा हा जुगारच ठरतो.

अंदाज पूर्ण होतो तो भावाशी ताडून पाहिल्यावर. एका रुपयावर दोन रुपये नफा असा भाव म्हणजे बुकीच्या मते जिंकण्याची शक्यता 33 टक्के. रुपयाला चार असेल तर 20 टक्के. पाच घोड्यांच्या शर्यतीत भाव रुपयाला एक, दोन, चार, नऊ आणि नऊ असे असतील, तर शक्यतांची बेरीज 50, 33, 20, 10 आणि 10 मिळून 123 होते. शंभरावरचे 23 ही बुकीची कमाई. नवख्यांच्या शर्यतीत बुकीलाही माहिती कमी असल्याने हा वाढावा अधिक ठेवला जातो. अंदाजकाराच्या मते एखाद्या पिल्लाची शक्यता 30 टक्के असेल आणि भाव रुपयाला चार मिळत असेल, तर ती पैज फायद्याची. तेच पिल्लू रुपयाला दोन भावाने मिळत असेल, तर ते जिंकेल असे वाटत असूनही पैज तोट्याची. सप्टेंबर 2025 मध्ये शर्यतीच्या पैजांवरील वस्तू व सेवा कर 28 वरून 40 टक्के झाला, आणि हा भार हिशेबात धरल्यावर कागदावर फायद्याच्या दिसणाऱ्या पुष्कळशा पैजा उरत नाहीत.