पोलिओ-विषाणू चिकित्सा, ग्लायोब्लास्टोमावरील

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतील अत्यंत मारक अर्बुदात (कर्करोगाच्या गाठीत) पोलिओचा बदललेला विषाणू थेट सोडून शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा अर्बुदावर उठवण्याची प्रायोगिक पद्धत. विषाणूचे संकेतनाम पीव्हीएसरिपो. पुढे त्याला लेरापोल्टुरेव्ह हे औषधनाम मिळाले. पहिल्या टप्प्याची चाचणी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात (डरॅम, नॉर्थ कॅरोलायना) मे २०१२ मध्ये सुरू झाली. नेहमीचे उपचार होऊनही रोग उलटलेले रुग्णच तीत घेतले गेले.

मूळ विषाणू सेबिन लशीतील पहिल्या प्रकारचा, म्हणजे पोलिओच्या थेंबांतलाच. त्याच्या आरएनएवर (आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या रेणूवर) ज्या भागापासून प्रथिननिर्मिती सुरू होते, तो भाग काढून तेथे सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचा (प्रकार २) तसाच भाग बसवला आहे. त्यामुळे चेतापेशींत वाढण्याची विषाणूची क्षमता जाते. असे संकरित विषाणू विषाणुशास्त्रज्ञ माथियास ग्रोमायर, एकार्ट विमर आदींनी तयार केले. त्यांचा निबंध १९९६ चा. कामाचा आरंभ अर्थातच थोडा आधीचा धरावा लागतो. पेशीत शिरायला विषाणूला सीडी१५५ हा ग्राही (पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिन, ज्याला विषाणू चिकटतो) लागतो आणि तो या अर्बुदाच्या पेशींवर विपुल असतो.

विषाणू नेमके काय करतो, याविषयी दोन मते आहेत. आधीच्या मांडणीत अर्बुदपेशी फोडणे हेच त्याचे मुख्य कार्य मानले जाई. नंतरच्या प्रयोगांवरून पेशीनाश ही केवळ सुरुवात असावी असे दिसते : सीडी१५५ वृक्षिकाभ पेशींवरही (टी-पेशींना लक्ष्याची ओळख करून देणाऱ्या प्रतिकारपेशींवरही) असतो; विषाणू त्यांना न मारता चेतवतो, इंटरफेरॉन हे प्रतिकार जागवणारे प्रथिन स्रवू लागते आणि टी-पेशी (रोगट पेशी मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) अर्बुदाकडे वळतात. उपचारानंतर काही रुग्णांत गाठ चित्रणात आधी सुजून मोठी दिसते, हे दुसऱ्या मताशी अधिक जुळते.

रुग्णाला आधी पोलिओ लशीची वर्धक मात्रा देतात. कवटीला छिद्र पाडून ऊतीचा नमुना घेतात व निदानाची खात्री झाल्यावर बारीक नळीतून सुमारे साडेसहा तास द्रव अर्बुदात झिरपू देतात. एका रुग्णास सर्वोच्च मात्रेनंतर नळी काढल्याबरोबर मेंदूत रक्तस्राव झाला. मात्रा वाढवण्याऐवजी कमी करण्याची वेळ आली, कारण मोठ्या मात्रांनी येणारी सूज आवरायला स्टेरॉइड दीर्घकाळ द्यावे लागे आणि स्टेरॉइड तर प्रतिकारशक्तीच दडपते. पुढील टप्प्यासाठी अखेर निवडलेली मात्रा सर्वोच्च मात्रेच्या दोनशेव्या भागाइतकी होती.

एकूण ६१ रुग्णांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारानंतर जगण्याच्या काळाचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) १२.५ महिने, तर तुलनेसाठी निवडलेल्या पूर्वीच्या १०४ रुग्णांत ११.३ महिने, हा फरक किरकोळच. मात्र २४ महिन्यांनंतर २१ टक्के रुग्ण हयात होते आणि ३६ महिन्यांनंतरही प्रमाण तेवढेच राहिले. तुलनागटात ते अनुक्रमे १४ व ४ टक्के होते. वर्तमानपत्री गवगवा झाला तो या आकड्यांचा. परंतु तुलनागट समकालीन नव्हता आणि रुग्णांची वाटणी यादृच्छिकही (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) नव्हती. शिवाय पहिल्या टप्प्याचा हेतू सुरक्षितता व मात्रा ठरवणे एवढाच असतो. म्हणून हे आकडे परिणामकारकतेचा पुरावा न मानता पुढील चाचणीचे कारण मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पुढे दुसऱ्या टप्प्याची चाचणीही हाती घेण्यात आली.