जुने आउटबोर्ड इंजिन सुरू न होणे

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवलेले, कार्ब्युरेटर (पेट्रोल हवेत मिसळणारा भाग) असलेले जुने आउटबोर्ड इंजिन सुरू होत नसेल, तर त्याचा बिघाड क्रमाने शोधण्याच्या पद्धतीविषयी ही नोंद आहे. इंजिन पेट घेण्यासाठी हवेत मिसळलेले पेट्रोल, योग्य क्षणी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील पुरेसा दाब या तीन गोष्टी लागतात. अशा इंजिनाचे नुकसान वापराने होते त्यापेक्षा महिनोन्महिने पडून राहिल्याने अधिक होते, म्हणून पहिला संशय पेट्रोलवर घ्यावा.

पाना हातात घेण्यापूर्वी काही साध्या गोष्टी पाहाव्यात, कारण अनेकदा दोष तिथेच सापडतो. किल स्विचची (इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप जागेवर आणि गिअर न्यूट्रलमध्ये असावा; टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा असावा. पेट्रोलच्या नळीवरील रबरी फुगा दाबत राहिल्यास काही वेळाने घट्ट होतो. तो घट्ट होतच नसेल, तर नळीच्या सांध्यातून हवा शिरत आहे, झडप निकामी झाली आहे किंवा फुगा बाणाच्या उलट दिशेने जोडलेला आहे, असे समजावे.

त्यानंतर चोक (हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी झडप) लावून दोरी काही वेळा ओढावी आणि स्पार्क प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. साठलेले पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहणारा चिकट थर कार्ब्युरेटरच्या जेटची (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीची) बारीक छिद्रे बुजवतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावाही शोषते. जुने पेट्रोल काढून कार्ब्युरेटर उघडून साफ करणे हाच यावरचा खरा उपाय आहे. नुसते नवे पेट्रोल ओतल्याने बुजलेला जेट सहसा मोकळा होत नाही. प्लग ओला असेल, तर ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल अति झाले आहे. अशा वेळी चोक न लावता, थ्रॉटल (वेग वाढवणारी झडप) उघडून दोरी ओढल्यास जादा पेट्रोल बाहेर पडते. टू-स्ट्रोक इंजिनात, म्हणजे ज्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात त्यात, ऑइलचे प्रमाण जास्त झाल्यासही प्लग काजळतो. ५०:१ मिश्रण म्हणजे ५० लिटर पेट्रोलला १ लिटर ऑइल, पण फार जुन्या काही इंजिनांना याच्या दुप्पट ऑइल लागते.

ठिणगी तपासताना प्लगचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा, मात्र प्लगच्या छिद्रापासून दूर, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. उघड्या हवेत दिसलेली ठिणगी दाबाखाली पडेलच असे नाही. ठिणगी नसल्यास किल स्विचची तार इग्निशनपासून सोडवून पुन्हा पाहावे. ठिणगी परतली तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे, कॉइलमध्ये (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या भागात) नाही, आणि विनाकारण कॉइल बदलण्याचा खर्च टळतो. जुन्या मॅग्नेटोत (चुंबकाने ठिणगीची वीज बनवणाऱ्या यंत्रणेत) फ्लायव्हीलखालचे, म्हणजे इंजिनावरच्या जड चाकाखालचे, पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) गंजलेले असू शकतात. ठिणगी दिसते पण इंजिन उलटा झटका देते, तेव्हा फ्लायव्हीलची चावी (त्याला दांड्यावर योग्य जागी धरून ठेवणारी छोटी पट्टी) कापली गेली असण्याची शक्यता पाहावी.

हे सर्व ठीक असूनही इंजिन सुरू झाले नाही, तरच कंप्रेशन गेज (सिलिंडरमधील दाब मोजणारे उपकरण) लावावा. सिलिंडरांतील दाबात सुमारे १५ टक्क्यांहून अधिक तफावत असल्यास पिस्टन रिंग किंवा हेड गॅस्केट तपासावे.

किनाऱ्यावर चाचणी घेताना इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवावा, अन्यथा थंडाव्याचे पाणी खेचणारा रबरी इंपेलर कोरडा फिरून थोड्याच वेळात खराब होतो.