रिकामी दिसणारी बस खरंच नकोशी असते का?
"खेड्यातली बस रिकामीच धावते, म्हणजे तिची कुणाला गरज नाही," असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय. पाहणाऱ्याचं निरीक्षण खोटं नसतं, पण ते बहुधा शेवटच्या थांब्याजवळचं असतं, आणि तिथे बस रिकामी होणारच. सकाळी गर्दी शहराकडे, संध्याकाळी गावाकडे. उलट फेरीत माणसं कमी असतात, पण ती फेरीच झाली नाही तर पुढची भरलेली बस येणार कुठून? पडताळायचं असेल तर दिवसभराच्या दोन्ही बाजूंच्या फेऱ्यांत चढलेली माणसं मोजा, पासवाले विद्यार्थीही धरा. फेऱ्या कमी केल्यावर प्रवासी घटले, तर 'गरज संपली' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. परतीची खात्री नसेल तर दवाखान्याला निघालेला माणूस सकाळच्या बसमध्येही चढत नाही.