केबलच्या विणीवरून घराणं ओळखता येतं का?

थंडी पडली की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत सुया-लोकर निघते आणि एक जुना फॉरवर्डही फिरू लागतो: आयर्लंडच्या अरन बेटांवर प्रत्येक कोळी घराण्याची केबलची, म्हणजे दोरासारखा पीळ दिसणारी, वीण वेगळी असे, बुडालेल्याची ओळख स्वेटरवरून पटे.

गोष्ट चटका लावणारी आहे, म्हणूनच टिकली असावी. पण तशा घराणेवार विणीचा पुरावा मिळत नाही. १९०४ सालच्या एका आयरिश नाटकात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते ती मोज्यावरून, तेही स्वतः घातलेले टाके मोजून. घराण्याच्या विणीचा तिथे संबंधच नाही. शिवाय केबलनं भरलेले अरन स्वेटर विसाव्या शतकातले. पिढ्यान्‌पिढ्यांची खूण ठरायला ते तसे नवेच.

स्वतःच पडताळून पाहा. तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे धरा, पुढचे तीन सुलट विणा, मग सुईवरचे तीन विणा. झाला पीळ! शेजारीण हा नमुना दुपारभरात उतरवून घेईल. मग तो एकाच घराचा कसा राहणार?

आता २४ टाक्यांचा एक साधा आणि एक केबलचा तुकडा विणून मोजा. केबलचा अरुंद पण जाड भरतो. मफलरला ऊब येते ती या जाडीमुळे. लोकर मात्र जास्त लागते, एखादा गुंडा जादाच आणा.