बिडाची डिस्क आणि जस्ताचा मुलामा

जुलैत झड लागली आणि गाडी चार दिवस टिळकवाडीत दारासमोर उभीच राहिली. पाचव्या दिवशी चाकाच्या फटीतून पाहिलं तर ब्रेकची डिस्क विटेसारखी तांबडी. शेजारचे काका म्हणाले, "गेली की रे तुझी डिस्क! प्लेटिंगवाली घालायचीस." ती प्लेटिंगवालीच होती, म्हणजे जस्ताचा मुलामा चढवलेली. महिन्यापूर्वी चार पैसे जास्त मोजून घातलेली, चांदीसारखी चकचकीत.

गाऱ्हाणं घेऊन उद्यमबागेतल्या गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी चाक उतरवलं आणि बोट फिरवून दाखवलं. ब्रेकचे पॅड घासतात तेवढाच पट्टा तांबडा होता. मधली टोपी, बाहेरची कड, दोन तबकड्यांमधल्या हवेच्या फटी अजून रुपेरीच. "मुलामा राहायचा तिथं राहिलाय, पॅडनं घासला तिथं गेलाय," ते म्हणाले. "पॅडखाली राहिला असता तर घाटात तुमचं काही खरं नव्हतं."

डिस्क बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. बेळगावात बीड कुणाला समजावून सांगायला नको, उद्यमबाग-मच्छेच्या फौंड्र्यांत ते रोज ओततात. त्यात ३ ते ३.५ टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पातळ पाकळ्या होऊन बसतो. या पाकळ्या उष्णता पसरवतात, कंप गिळतात. म्हणून चोर्ला घाट उतरताना तापलेली डिस्क टिकाव धरते. गंजाचं म्हणाल तर बिडाचा तवा धुऊन तेलाचा हात न फिरवता ठेवून बघा.

जस्त इथं नुसतं पांघरूण घालत नाही. धातूंच्या विद्युत-क्रमवारीत लोखंड उणे ०.४४ व्होल्टवर, तर जस्त उणे ०.७६ वर. ओल्या जागी दोघं चिकटून असले की आधी झिजतं ते जस्त, त्यामुळे ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त लोखंडाला सांभाळून घेतं. कथिलाचं उलटं. कथलाच्या पत्र्यावर ओरखडा गेला की उघडं लोखंड जास्तच वेगानं गंजतं. हम्फ्री डेव्हीनं १८२४ मध्ये जहाजांच्या तळाचं तांबं वाचवायला, आधी झिजणारा धातू शेजारी जोडायची हीच युक्ती सुचवली होती.

बिडावर विजेनं जस्त चढवणं मात्र कटकटीचं काम. अल्कधर्मी टाकीत ग्राफाइटच्या पाकळ्यांवर हायड्रोजनचे बुडबुडेच सुटत राहतात. वीज त्यात खर्ची पडते, जस्त बसत नाही. म्हणून बिडाच्या मालाला आम्लधर्मी क्लोराइडची टाकी लागते. त्याआधी माल ॲसिडात जास्त वेळ राहिला तर लोखंड विरघळून वर काजळीसारखं ग्राफाइट उरतं आणि प्लेटिंग पापुद्र्यासारखं सुटतं. एवढ्या खटपटीनंतर थर किती? बहुधा ८-१० मायक्रॉन. केसाची जाडी ७० च्या आसपास. त्यावरचा जुना पिवळा रंग घातक षट्संयुजी क्रोमियमचा असे. युरोपनं तो २००७ पासून वाहनांतून हद्दपार केला. हल्ली बऱ्याच डिस्कना वीज न वापरताच जस्त-ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्यांचा लेप देऊन भट्टीत भाजतात.

हा लेप खरा उपयोगी पडतो तो नजरेआड, डिस्क हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर बसते तिथं. तिथल्या गंजानं डिस्क मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत जरी तिरकी बसली, तरी कालांतरानं तिची जाडी कमी-जास्त होते आणि ब्रेक दाबला की पेडल थरथरतं. गोव्याच्या खाऱ्या हवेत वरचेवर जाणाऱ्यांनी टोपीवरचं जस्त अधूनमधून बघावं.

आणि क्रोम? बुलेटच्या सायलेन्सरवर ते शोभतं. डिस्कवर मागणाऱ्यांना मी तरी हात जोडतो. शोभेच्या क्रोमचा थर मायक्रॉनचाही नसतो, खरी जाडी खालच्या निकेलची. निकेल लोखंडापेक्षा आळशी. बारीक छिद्र पडलं की ते चकचकीत राहतं आणि खालचं लोखंड पोखरलं जातं. पॅडच्या पट्ट्यावर तर तो गुळगुळीत थर नकोच.

मिस्त्रींनी चाक बसवलं, मला शेजारी घेऊन खानापूर रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर नेलं. मागं कुणी नाही बघून आठ-दहा वेळा ब्रेक दाबला. पहिल्यांदा खर्रर्र झालं, मग आवाज विरत गेला. गंजानं डिस्कला खोल खड्डे पाडले असते तर एवढ्यावर भागलं नसतं. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी मोजमाप ताडून बघावं लागलं असतं. हा चार दिवसांचा वरवरचा गंज होता. पैसेही त्यांनी घेतले नाहीत.

घरी आलो तर काका फाटकातच. वाकून चाकात डोकावले. तांबडा पट्टा आता आरशासारखा लखलखत होता.

"बदललीस होय? केवढ्याला पडली?"