भरती आली की गाडी कुठे जाते?

१९९५ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात कासवांच्या नावाने एक खटला उभा राहिला. खटल्याच्या शीर्षकात वादी म्हणून लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवाचं नाव होतं आणि प्रतिवादी होती व्होल्युशिया परगण्याची कौन्सिल. कासवांच्या वतीने दोन स्थानिक महिला न्यायालयात गेल्या होत्या. विणीच्या काळात पुळणीवरून गाड्या धावतात आणि किनाऱ्यावरचे दिवे पिल्लांची दिशाभूल करतात, ही त्यांची तक्रार.

याच परगण्यात डेटोना बीच आहे. तिथली वाळू बारीक आणि कमालीची घट्ट. ओहोटीला समोर लांबच लांब सपाट पट्टा उघडा पडतो. १९२७ मध्ये हेन्री सीग्रेव्हने इथेच मोटारीने ताशी २०० मैलांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला आणि मार्च १९३५ मध्ये माल्कम कॅम्बेलने ताशी २७६ मैल, म्हणजे सुमारे ४४५ किलोमीटर वेग गाठला. तिथल्या माणसांसाठी वाळूवर गाडी घालणं हा आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला हक्क होता. मासेमारीची गळ, दोन पोरं आणि म्हातारी आई यांना घेऊन थेट पाण्याच्या कडेला जाता येणं ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. अशा भांडणांत गाडीवाल्यांना सरसकट बेपर्वा ठरवलं जातं, ते मला अन्यायाचं वाटतं. त्यांच्यातले बहुतेक लोक त्या किनाऱ्यावर जिवापाड प्रेम करणारे असतात. अडचण अशी, की वाळूत जे जगतं ते त्यांना दिसत नाही. दिवसाउजेडी दिसू नये, यावरच तर त्या जिवांचं सारं जगणं बेतलेलं असतं.

ओल्या वाळूवर गाडी चालते आणि कोरड्या वाळूत रुतते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कारण पाण्यात आहे. ओलसर वाळूच्या कणांमध्ये पाण्याचे इवलेसे पूल तयार होतात आणि पृष्ठताणामुळे ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. वाळूचा किल्ला उभा राहतो तो याच बळावर. कोरड्या वाळूत ही पकड नसते. चाकाखाली कण बाजूला सरकतात आणि चाक आपणच आपला खड्डा खणत जातं. ओल्या वाळूवर पाऊल ठेवलं की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडल्यासारखी दिसते, तेही पाहण्यासारखं असतं. घट्ट बसलेले कण दाबामुळे एकमेकांवर चढू पाहतात, त्यांच्यामधली पोकळी वाढते आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८५ मध्ये याचं स्पष्टीकरण दिलं. तोच गुण ओहोटीच्या पट्ट्याला टणक बनवतो.

वाळूत उतरण्याआधी जाणते चालक टायरमधली हवा कमी करतात. रस्त्यावर ३०–३५ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) असलेला दाब १५–२० पर्यंत आणला की टायर पसरतो आणि तेच वजन जास्त जागेवर वाटलं जातं. टायरचा जमिनीवरचा दाब साधारणपणे आतल्या हवेच्या दाबाइतका असतो. आता माणसाचा हिशेब करू. ७० किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला आणि तळव्याचं क्षेत्रफळ १५० ते २०० चौरस सेंटीमीटर धरलं, तर दाब येतो ५ ते साडेसहा पीएसआय. म्हणजे हवा काढलेला टायरसुद्धा उभ्या माणसाच्या सुमारे तिप्पट दाब देतो. तरी खरं नुकसान या उभ्या दाबापेक्षा आडव्या ओढीने होतं. चाक पुढे जाताना वाळू मागे ढकलतं आणि वळताना बाजूला फेकतं. दोन पायांवर चालणारं माणूस असं वाळू नांगरत जात नाही.

त्या वाळूत जगणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो फिकट रंगाच्या, डोळे वर काढून पळणाऱ्या वाळूखेकड्यांचा. भुतासारखे क्षणात नाहीसे होतात म्हणून इंग्रजीत त्यांना घोस्ट क्रॅब म्हणतात. कल्ले ओले राहायला हवेत, म्हणून ते दिवसा बिळात बसतात आणि रात्री पाण्याच्या कडेला खायला उतरतात. १९८४ साली अमेरिकेतल्या केप लुकआउट इथल्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिवसा अवघ्या ५ सेंटीमीटर खोल बिळातले खेकडेही गाडीखाली सुखरूप राहिले होते. गाडीवाल्यांसाठी ही आनंदाची बातमी ठरावी. पण त्याच अभ्यासाचा पुढचा भाग असा, की रात्री उघड्यावर चरणारे खेकडे मोठ्या संख्येने मरतात आणि रात्रीची थोडीशी वाहतूकही त्यांची वस्ती उद्ध्वस्त करू शकते. पुढे ऑस्ट्रेलियातल्या किनाऱ्यांवर असेच प्रयोग झाले, तेव्हा उथळ बिळातले खेकडे दिवसाही चिरडले गेले आणि खोल बिळातले वाचले. दोन अभ्यासांत फरक पडला म्हणून कुणी विज्ञानाला दोष देऊ नये. प्रत्येक पुळण वेगळी असते. कण किती जाड, वाळू किती ओली, कशी रचलेली, यावर बिळाचं छत किती भार पेलेल हे ठरतं. एका किनाऱ्यावर निरुपद्रवी ठरलेली सवय दुसऱ्या किनाऱ्यावर घातक ठरू शकते. रात्रीबद्दल मात्र शंकेला जागा उरत नाही.

पाण्याच्या कडेपासून थोडं वर या. मागच्या भरतीने आणून टाकलेल्या शेवाळाची, काटक्यांची, शिंपल्यांची एक ओळ तिथे दिसते. पर्यटकांना तो कचरा वाटतो आणि कित्येक ठिकाणी यंत्राने साफ केला जातो. खरं तर उघड्या पुळणीवर स्वतःचं अन्न पिकवणाऱ्या वनस्पती जवळपास नसतातच. समुद्राने आणून टाकलेलं हे शेवाळ म्हणजेच तिथलं धान्याचं कोठार. त्यात वाळूतल्या बारीक उड्या मारणाऱ्या कवचधारी किड्यांची आणि माश्यांच्या अळ्यांची गर्दी असते. त्यांच्यावर पक्षी जगतात. या ओळीत अडकलेली बीजं रुजतात, रोपांच्या आडोशाला वारा वाळू टाकतो आणि काही काळाने तिथे बाळटेकडी उभी राहते. वाळूच्या टेकड्यांवरचं गवत मोठं चिवट. वाळूखाली पुरलं गेलं तरी ते वर येत राहतं. मात्र त्याची आडवी पसरणारी कोवळी खोडं चाकाखाली तुटली की त्याचं पुढे सरकणं थांबतं. वादळाच्या लाटा अडवणारी टेकडी घडायला वर्षानुवर्षं लागतात आणि तिचा हा कोवळा पायथा थोड्याच फेऱ्यांत मोडतो. इथे गाड्यांची संख्या निम्मी केली म्हणून नुकसान निम्मं होत नाही. बहुतेक विध्वंस पहिल्या काही चाकांनीच उरकलेला असतो.

याच वरच्या पट्ट्यावर चिलखा या छोट्या किनारपक्ष्याची घरटी असतात. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा, त्यात वाळूच्याच रंगाची अंडी. उत्तर अमेरिकेतला पायपिंग प्लोव्हर हा असाच एक चिलखा. १९८६ पासून तो तिथल्या संरक्षित यादीत आहे. त्याची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच स्वतः चरायला धावतात आणि त्यासाठी त्यांना ओल्या वाळूपर्यंत जावं लागतं. धोका जाणवला की पळण्याऐवजी ती जागीच दबून बसतात. ससाण्यापासून वाचायला हा उपाय नामी आहे; गाडीपुढे मात्र तो जिवावर बेततो. त्यात त्यांना चाकाने उमटवलेल्या चऱ्यांतून धावायची आणि तिथेच दबायची सवय. पुढची गाडी नेमकी त्याच चऱ्यांतून येते.

या चरीला मराठीत नेमका शब्द आहे: चाकोरी. चाकोरीतून बाहेर पडणं अवघड, हे आपण सहज बोलून जातो. कासवाच्या पिल्लाबाबत ते शब्दशः खरं आहे. अंडी घातल्यावर सुमारे दोन महिन्यांनी, रात्री, जेमतेम ४–५ सेंटीमीटर लांबीची पिल्लं वाळूतून वर येतात. काळोख्या उंच टेकडीकडे पाठ करून ती क्षितिजावरच्या उजेडाकडे धावतात, कारण रात्री समुद्राची बाजू उजळ असते. वाटेत चाकोरी आली की पिल्लू आत घसरतं. आतून क्षितिज दिसत नाही; दिसते फक्त वाळूची भिंत. मग ते समुद्राला समांतर, चाकोरीच्या कडेने चालत राहतं. पोटातल्या बलकाची शिदोरी संपत जाते आणि पहाट झाली की पक्षी टपलेले असतात. गाडी दुपारीच निघून गेलेली असते. तिच्या चालकाने कुणालाही चिरडलेलं नसतं आणि तो तसं प्रामाणिकपणे सांगूही शकतो.

या सगळ्यावर एक सोपा तोडगा सुचतो: ओल्या, टणक पट्ट्यावरूनच चालवा, वर येऊ नका. दिवसा, ओहोटीला हा सल्ला खरोखर चांगला आहे. पण बहुतेक किनाऱ्यांवर तो पट्टा दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. ऑस्ट्रेलियातल्या क्गारी बेटाचा पूर्व किनारा अधिकृत महामार्ग आहे, वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. तिथेही चालकांना सांगितलं जातं, की भरतीच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास गाडी काढू नका. कारण भरती आली की गाडीला जायला एकच दिशा उरते, ती म्हणजे वर: शेवाळाच्या ओळीवर, घरट्यांच्या पट्ट्यावर, टेकडीच्या पायथ्याशी. नकाशावर कायमची रेघ मारून केलेले नियम इथेच फसतात. माझ्या मते या वादाचा गाभा इतकाच आहे. सभांमधून “गाड्या हव्यात की नकोत” यावर लोक घसा कोरडा करतात. कोणता पट्टा, कोणता महिना आणि कोणता प्रहर, हे प्रश्न बाजूला पडतात.

अमेरिकेतल्या केप हॅटरसची कथा लांबलेली आहे. ही वाळूची अरुंद बेटं. डांबरी रस्ता होण्याआधी तिथले लोक पुळणीवरूनच ये-जा करत. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला, की सार्वजनिक जमिनींवर रस्ता सोडून धावणाऱ्या गाड्यांसाठी मार्ग ठरवून द्यावेत. हॅटरसला कायमचा नियम लागू व्हायला २०१२ उजाडलं. मधल्या ४० वर्षांत गाड्या वाढल्या, पक्षी घटले आणि २००७ मध्ये पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या. २००८ च्या तडजोडीने चिलख्याच्या न उडणाऱ्या पिल्लांभोवती १,००० मीटरपर्यंत गाड्यांना मनाई केली. निमुळत्या बेटावर एवढं अंतर म्हणजे मैलभराहून मोठा किनारा बंद. गळ टाकणाऱ्यांचा संताप समजण्यासारखा होता. पुढे संसदेच्या सांगण्यावरून ही अंतरं फेरतपासून कमी केली गेली. २०१२ च्या नियमात मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो एक साधा भाग: १ मे ते १५ नोव्हेंबर रात्री वाहन चालवायला बंदी. तिथे नंतर कासवांची घरटी वाढली, पण त्याचं श्रेय एकट्या नियमाला देता येत नाही. लॉगरहेड मादी प्रौढ व्हायलाच सुमारे ३० वर्षं लागतात. आज अंडी घालणारी मादी कित्येक दशकांपूर्वी कुठल्यातरी पुळणीवरून समुद्रात पोचलेली असते. आजच्या नियमाचं फळ मोजायला आणखी एक पिढी जावी लागेल.

दक्षिण आफ्रिकेने दुसरी वाट धरली. डिसेंबर २००१ मध्ये नियम काढून जानेवारी २००२ पासून मौजेसाठी किनाऱ्यावर गाडी चालवणं जवळजवळ देशभर बंद केलं. होड्या उतरवण्याच्या जागा, संशोधन आणि दिव्यांग व्यक्तींसाठी परवान्याची सोय ठेवली. गळाने मासे पकडणाऱ्यांचा आणि पर्यटन व्यावसायिकांचा विरोध कडवा होता. लाल चोचीचा काळा आफ्रिकन ऑयस्टरकॅचर तिथे भरतीरेषेच्या जरा वर, उघड्या वाळूवर अंडी घालतो आणि तेही भर उन्हाळ्यात, जेव्हा सुट्ट्यांमुळे किनारे फुललेले असतात. बंदीनंतर त्याची वीण सुधारली, संख्या वाढली आणि २०१७ मध्ये धोक्यातल्या जिवांच्या जागतिक यादीत तो संकटाजवळच्या गटातून निश्चिंत गटात आला. कॅलिफोर्नियातल्या ओशानो ड्यून्सवर वाद वेगळ्याच दिशेने वाढला. तिथे पक्ष्यांइतकाच वाऱ्याबरोबर वस्तीत जाणाऱ्या धुळीचा प्रश्न होता. मार्च २०२१ मध्ये किनारा आयोगाने तिथली ऑफ-रोड वाहतूक ३ वर्षांत संपवायचं ठरवलं. २०२३ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

आणि व्होल्युशियाची कासवं? १९९६ मध्ये परगण्याला केंद्राकडून अटींसह परवाना मिळाला आणि गाड्या पुळणीवर राहिल्या. मात्र त्यांना आता फक्त दिवसा परवानगी आहे. वरचा पट्टा खांब रोवून वेगळा केलेला आहे. विणीच्या हंगामात रोज पहाटे आधी माणसं किनारा चालून कासवांच्या खुणा शोधतात, सापडलेल्या घरट्यांना कुंपण घालतात आणि मगच फाटकं उघडतात. पिल्लं बाहेर पडायची वेळ जवळ आली, की त्या घरट्यापासून पाण्यापर्यंतच्या चाकोऱ्या संध्याकाळी बुजवून वाळू सपाट केली जाते.