टरफलातल्या कॅल्शियमला चुंबकाची जोड: पार्श्वभूमी

शिंपले आणि अंड्यांची टरफले यांपासून हाड भरून काढायचा, चुंबकीय क्षेत्राने तापवता येणारा पदार्थ बनवायचा, या कल्पनेमागचा हा इतिहास. होंडुरासमध्ये १९३१ साली माया संस्कृतीतला, इ.स. ६००च्या सुमारचा एक जबडा सापडला. खालच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे तुकडे ठोकून बसवलेले होते. १९७०च्या दशकात त्याचे एक्स-रे काढले, तेव्हा तुकड्यांभोवती हाड वाढलेले दिसले. म्हणजे हे दात जिवंत माणसाला बसवले होते आणि त्याच्या शरीराने ते स्वीकारलेही होते.

हाडातले खनिज मात्र शिंपल्यासारखे कॅल्शियम कार्बोनेट नसते. ते हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटच्या जवळचे असते. १९७४ मध्ये डेला रॉय आणि सारी लिनेहान यांनी उष्णता आणि दाबाखाली प्रवाळाचे या खनिजात रूपांतर केले, तेही त्याची सच्छिद्र रचना न मोडता. पुढे हाडातल्या पोकळ्या भरायला ते वापरात आले. पण त्यासाठी प्रवाळ तोडत राहणे योग्य नव्हे. शिंपले आणि अंड्यांची टरफले तर फेकूनच दिली जातात, आणि त्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त कॅल्शियम कार्बोनेट असते.

टरफले धुऊन, आतला पापुद्रा काढून सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजतात. सेंद्रिय भाग जळताना ती आधी काळी पडतात, मग पांढरीशुभ्र होतात. १०० ग्रॅम शुद्ध कार्बोनेटमागे ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून त्यात फॉस्फोरिक आम्ल थेंबथेंब सोडतात, की हाडातल्यासारखे फॉस्फेट तयार होते. इथे घाई चालत नाही: द्रावण आम्लधर्मी झाले की भलतेच फॉस्फेट तयार होते.

चुंबकाचा धागा वेगळा. १९५७ मध्ये गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी, कर्करोगाच्या पेशी उष्णतेने मारता याव्यात म्हणून, लसिकाग्रंथींत लोह ऑक्साइडचे कण पोहोचवून, बदलत्या चुंबकीय क्षेत्राने ते तापवून दाखवले. १९८१ मध्ये रेने मासार यांनी लोहाच्या दोन क्षारांपासून पाण्यातच मॅग्नेटाइटचे (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे) नॅनोकण मिळवायची सोपी रीत दिली. अल्क पडताच द्रावण काळे होते. साधारण २० नॅनोमीटरहून लहान कणांत बाहेरचे क्षेत्र काढले की चुंबकत्व टिकत नाही, त्यामुळे ते एकमेकांना खेचून गुठळ्या करत नाहीत. २०१० मध्ये युरोपात मेंदूतल्या गाठींवर अशा कणांच्या उष्णतेने उपचार करायला मान्यता मिळाली.

मग दोन्ही एकत्र आणायचे प्रयत्न सुरू झाले. कोणी हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटमध्ये मॅग्नेटाइट मिसळले. इटलीतल्या फाएन्झा इथल्या गटाने २०१२ मध्ये खनिजातच लोह मुरवून त्याला चुंबकीय केले. हेतू असा की, हाडातली गाठ काढल्यावर उरलेल्या पेशी उष्णतेने मारायच्या आणि त्याच जागी नव्या हाडाला आधारही द्यायचा.

टरफलांतून येणारे थोडे मॅग्नेशियम किंवा स्ट्रॉन्शियम हाडाला चालते, कारण ते हाडातही असते. पण दूषित पाण्यातल्या शिंपल्यांतून शिसे आणि कॅडमियमही येऊ शकते, आणि प्रत्येक ढिगाची घडण थोडी निराळी असते. म्हणून माझ्या मते यातले खरे अवघड काम कण बनवण्याचे नाही. दर खेपेला तीच शुद्धता देण्याचे आहे.